सात थैल्या, एकच तारीख

१

सहावी थैली कापली, तेव्हा तिच्यातून नोटा पडल्या नाहीत. धोंडीबा पडले.

एक नव्हे, शेकडो धोंडीबा. दहा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत वाटून उरलेली पत्रकं कुणीतरी नोटेच्या मापाने कापली होती, त्यांच्या सहा गड्ड्या केल्या होत्या आणि वर रबर लावलं होतं. तुकड्यातुकड्यावर धोंडीबांचा अर्धा चेहरा, अर्धी मिशी. मेघनाच्या हातातली कात्री तशीच राहिली. धोंडीबा तिचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीवरच्या त्या खोलीत चाळीसएक माणसं दाटीवाटीने बसली होती. खालची गिरणी तेवढी घरघरत होती.

श्रमजागर पक्ष हे काही मोठं प्रकरण नव्हे. वागळे इस्टेटमधला एक कारखाना बंद पडला, तेव्हा धोंडीबा नावाच्या फिटरने उरल्यासुरल्या कामगारांना धरून हा पक्ष काढला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सात शाखा, दोनदा निवडणूक, आणि आजवर एकही नगरसेवक नाही. पण या लोकांची एक रीत होती. एका बँकेने पूर्वी त्यांची आयुष्यभराची पुंजी बुडवली होती, तेव्हापासून पक्षाचा निधी बँकेत ठेवायचा नाही असं ठरलं. शाखेचा पैसा कापडी थैलीत भरायचा, तोंड हाताने शिवायचं, वर शाईने तारीख घालायची आणि थैली पत्र्याच्या पेटीत ठेवायची. निवडणुकीचे अर्ज भरायचे त्या आठवड्यात सगळ्यांसमक्ष टाक्यांच्या खालून कापड कापायचं, म्हणजे टाके कुणालाही तपासून बघता येतात. त्याआधी थैलीला कात्री लावायची नाही.

पेटीत सात थैल्या होत्या. सातही थैल्यांवर एकच तारीख, १ मे २०१६. प्रत्येकीत साठ हजार. महापालिकेची पुढची निवडणूक चार वर्षांनी व्हायची, ती लांबत लांबत आत्ता या डिसेंबरात लागली. तोवर पक्षात दोन गट पडले होते आणि नवी थैली एकही शिवली गेली नव्हती.

पहिल्या पाच थैल्यांतून शंभराच्या नोटा निघाल्या होत्या. मोजून बरोबर साठ-साठ हजार. टाळ्यासुद्धा वाजल्या होत्या. सहाव्या थैलीला मेघनाने हात घातला, तेव्हा खजिनदार देवराम एवढंच म्हणाले होते, “ती राहू दे आज, मेघना.” मेघना हसली होती आणि तिने कात्री चालवली होती.

“वाजवा की आता टाळ्या!” कार्याध्यक्ष प्रशांत उठून उभा राहिला. “देवरामकाका, हे चलन कुठल्या दुकानात चालतं? मी पण दोन किलो कांदे घेतो.”

मेघनाने सातवी थैली कापली. तिच्यातही धोंडीबाच होते.

देवराम सदुसष्ट वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पेटीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“मी जबाबदार आहे,” ते म्हणाले. “बाकी काही विचारू नका.”

आणि जिना उतरून गेले.

२

“पोलिसात द्यायचं,” प्रशांत म्हणाला. “आत्ताच्या आत्ता. सरळ कबूल केलंय माणसाने.”

“कबूल काय केलं? जबाबदार आहे म्हणाले. घेतले म्हणाले नाहीत,” मेघना म्हणाली.

“तूच बोल काकांच्या बाजूने. ऑफिसला रंग लावलेला तेव्हा दोन महिने पेटी कुणाच्या घरी होती? तुझ्याच ना?”

“आणि तू टेंभी नाक्यावर कुणाकुणाला भेटून येतोस ते काय आम्हाला कळत नाही? फंड गेला की पक्ष गेला. मग जा मोठ्या पक्षात घोड्यावर बसून!”

खोलीचे सरळ दोन भाग झाले. त्या गोंधळात कोपऱ्यातून आवाज आला, “प्रशांत, खाली बस. मेघना, तूपण.”

दोघंही बसले. कांताबाईंनी सांगितलं की ते बसत. तेहतीस वर्षं त्यांनी कल्याण पूर्वेला पालिकेच्या शाळेत शिकवलं होतं, आणि या खोलीतली निम्मी माणसं पाढे चुकले म्हणून त्यांच्यासमोर कधी ना कधी रडलेली होती. पक्षात त्या नावापुरत्या सभासद. पण दोन्ही गटांना चालेल असं एवढंच एक माणूस आता उरलं होतं.

“आज शुक्रवार,” बाई म्हणाल्या. “अर्जाची शेवटची तारीख मंगळवार. मला सोमवार संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तोवर पोलीस नाहीत.”

“आणि सोमवारी काही नाही निघालं तर?” प्रशांतने विचारलं.

“तर मी स्वतः तुझ्याबरोबर चौकीत येईन.”

माणसं पांगल्यावर बाईंनी प्रत्येक थैलीतला ऐवज ज्याच्या त्याच्या थैलीत परत ठेवायला लावला. पत्रकांची एक गड्डी त्यांनी उचलली, तर तिच्यावरचं रबर बोट लागताच तुटलं. तुटलं कसलं, भुगाच झाला त्याचा. कागदावर तपकिरी वळ तेवढा राहिला. बाईंनी नोटांची एक गड्डी उचलली. तिचं रबर ताणून बघितलं. ते लांब झालं आणि चट्कन आवाज करून परत बसलं.

“बाई, काय बघताय?” मेघनाने विचारलं.

“काही नाही गं. तू सांग, पैसे थैलीत भरले कुणी?”

“माझ्या अप्पांनी आणि देवरामकाकांनी. शाखांनी रक्कम आणून दिली, ती या दोघांनी भरली आणि हौसाबाईंनी थैल्यांची तोंडं शिवली. दुसरं कुणी नव्हतं. नोटबंदी झाली तेव्हा मीटिंगमध्ये विचारलंच होतं ना सगळ्यांनी, थैल्यांचं काय म्हणून. अप्पांना तर तेव्हा झटका आलेला, बोलताच येत नव्हतं त्यांना. देवरामकाका म्हणाले, सगळ्या शंभराच्याच नोटा आहेत, घाबरू नका.”

“आणि आज शंभराच्याच निघाल्या.”

“हो ना. काका खोटं कुठे बोलले?”

बाईंनी तुटलेलं रबर कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं.

३

शनिवारी सकाळी बाई देवरामांच्या चाळीत गेल्या. देवराम कामावर गेले होते. कारखाना सुटल्यापासून ते एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. घरी त्यांची मुलगी होती, प्रियांका. सत्तावीस वर्षांची, एका दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर केसपेपर काढणारी. ही एके काळी बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि डबा न खाता दुसऱ्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधत फिरायची.

खोलीत एक पलंग, एक शेगडी, देवरामांच्या बायकोचा, नंदाचा, हार घातलेला फोटो. भिंतीला रंग लागून जमाना झाला होता.

“चहा टाकू का, बाई?”

“टाक. आणि खरं खरं सांग. पप्पांना पैशांची अडचण होती का?”

प्रियांकाने पातेलं ठेवलं आणि पाठमोरी राहूनच बोलली. “अडचण? बाई, किती वर्षं झाली, या घरात पैसेच नाहीत. दारू नाही, तंबाखू नाही, मटका नाही. पण पगार झाला की चौथ्या दिवशी खिसा रिकामा. मम्मी विचारून विचारून थकली. शेवटी विचारायचीच बंद झाली.”

“किती दिवसांपासून हे?”

“मी बारावी झाले त्याच्या आधीपासून. म्हणजे नोटबंदी झाली ना, त्या सुमारास. नर्सिंगला नंबर लागलेला माझा, माहितीये तुम्हाला. फी भरायची होती. पप्पा म्हणाले, पैसे नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी पण तेच.” तिने गॅस बारीक केला. “काल प्रशांतदादाने फोन केलेला. म्हणाला, सवा लाखाच्या जवळपास घोळ आहे. मी म्हटलं, असेल. मला काय वाटलं माहितीये, बाई? बरं वाटलं. वाटलं, चला, निदान कुठे जात होते ते तरी आता कळेल. असेल बाहेर एखादी बाई नाहीतर जुगार. काहीतरी असेल.”

बाईंनी कप खाली ठेवला. सगळं देवरामांच्या विरुद्धच जात होतं. खिसा रिकामा, किल्ली त्यांच्याकडे, तोंड बंद. कुठल्याही पोलिसाला याहून जास्त काय लागतं?

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. ज्याने चोरी केली त्याच्या घरात पैसे येतात. देवरामांच्या घरातून ते नऊ वर्षं बाहेर जात होते.

४

हौसाबाई उल्हासनगरच्या बाजूला लेकाकडे राहत. वय ऐंशीच्या घरात. उभं आयुष्य रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात गेलेलं. बाईंनी सातही थैल्यांची शिवलेली तोंडं पिशवीत घालून नेली होती. त्यांनी ती म्हातारीपुढे चटईवर मांडली.

“हे टाके कुणाचे, मावशी?”

हौसाबाईंनी डोळ्यांनी बघितलंच नाही. बोटं फिरवली. “माजेच.”

“सातही?”

“सातबी माजेच. दुसऱ्या कुनाला येतोय का हा दोरा आतून घ्यायला? मशीनवाल्या पोरी नुस्त्या पाय मारत्यात.”

“एकाच दिवशी शिवल्या?”

म्हातारीची बोटं थांबली. “तारीख लिवलीया की वर. वाचता येतंय न्हवं तुला? मास्तरीण हायेस.”

“तारीख वाचली, मावशी. आता टाके वाचतेय.”

“मग वाच. मला काय इचारतीस?” हौसाबाईंनी पदर ओढून घेतला. मग एकाएकी त्यांचा आवाज खाली आला. “देवरामाला पोलिसात देनार म्हनं ते पोरगं?”

“सोमवारी.”

म्हातारीने तोंडावर हात ठेवला. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय होती, तिच्यातून पाणी वाहायला लागलं.

“बोला, मावशी.”

“न्हाई बोलनार. नंदाच्या उशाशी बसून सबूद दिलाय त्याला मी. तू बोल तुला काय बोलायचं त्ये.”

५

रविवारी दुपारी बाईंनी गिरणीवरची खोली उघडली, आतून कडी लावली आणि मोठ्या टेबलावर सात थैल्यांचे सात ढीग केले. प्रत्येकापुढे तिचं शिवलेलं तोंड.

मुलाची वही वर्षभर बघणाऱ्या माणसाला तारीख लागत नाही. जूनचं अक्षर आणि मार्चचं अक्षर शेजारी ठेवलं की कुठलं आधीचं ते कळतं. बाईंनी टाक्यांकडे तसं बघितलं. पत्रकांच्या दोन्ही थैल्यांचे टाके बारीक आणि सरळ होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. नोटांच्या पाच थैल्यांपैकी एकीचे तसेच बारीक. दुसरीचे जरा लांब. तिसरीत ओळ मधेच खाली उतरलेली. चौथीत टाके वेडेवाकडे. आणि पाचवीत दोन ठिकाणी सुई कापडात न शिरता नुसती बाजूने गेली होती, आंधळ्या माणसाने शिवावं तशी.

हात एकाच माणसाचा. पण एका दिवसातला नव्हे.

मग बाईंनी नोटा उलगडल्या. बारीक टाक्यांच्या थैलीत सगळ्या जुन्या, निळसर शंभराच्या नोटा. दुसरीतही तशाच. तिसरीत निळसरांमध्ये काही जांभळट नोटा. चौथीत निम्म्या जांभळट. पाचवीत जवळपास सगळ्याच.

शंभराची जांभळी नोट! बाईंना ती पहिल्यांदा कुठे बघितली ते लख्ख आठवत होतं. २०१८ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या पाकिटात एक कोरी करकरीत होती, आणि “बाई, ही खेळण्यातली आहे का?” म्हणून सगळा वर्ग तिच्याभोवती जमला होता.

२०१६ साली शिवलेल्या थैलीत २०१८ नंतरची नोट कशी येईल?

शुक्रवारी चाळीस माणसांनी त्या नोटा बघितल्या होत्या. शंभराची नोट ती शंभराची नोट, कुणी रंगाचा विचार केला नाही. कागद निघाल्यावर तर नोटांकडे कुणी वळूनही बघितलं नाही. सगळे विचारत बसले की दोन थैल्यांतले पैसे कुणी काढले. विचारायला हवं होतं की पाच थैल्यांत पैसे घातले कुणी!

बाई खुर्चीत टेकल्या. आता उलगडा आपोआप होत गेला. कागदाच्या थैल्यांचं रबर भुगा झालेलं, टाके बारीक, म्हणजे कागद जुना. शेवटच्या थैलीतल्या नोटांचं रबर ताजं, टाके वर्षावर्षाने ढासळत गेलेले, म्हणजे नोटा मागाहून आलेल्या, एकेक थैली करून. एके काळी सातही थैल्यांत कागदच असणार. मग मूळचे पैसे कुठे गेले? तेव्हा शंभराच्या नोटा असत्या तर त्यांना काही झालं नसतं. आत हजाराच्या आणि पाचशेच्या असल्या तरच एका रात्रीत त्यांचा कागद होतो. ती रात्र होती २०१६ च्या नोव्हेंबरातली.

नोव्हेंबर २०१६.

त्या महिन्यातली एक संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. त्या वह्या तपासत होत्या. दारात देवराम उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत हजाराच्या नोटा. “बाई, एवढे साठ हजार तुमच्या खात्यात भरता का? महिन्याने परत द्या.” कुणाचे म्हणून विचारलं, तर उत्तर नाही. बाईंना वाटलं, कुठल्या तरी बिल्डरचा काळा पैसा आहे, कमिशनसाठी गरिबांना पुढे करतात तसला. त्यांनी लाल पेन खाली न ठेवताच सांगितलं होतं, “देवराम, दुसऱ्याचे पैसे आपले म्हणून भरणं हे खोटं आहे. मी मुलांना जे शिकवते ते मी स्वतः मोडणार नाही.”

देवराम “बरोबर आहे, बाई” म्हणाले होते. चहाला हातही न लावता निघून गेले होते.

बाईंनी त्याचा पुन्हा कधी विचार केला नव्हता. उलट, आपण ठाम राहिलो याचं त्यांना तेव्हा बरं वाटलं होतं.

६

त्याच संध्याकाळी त्या डोंबिवलीच्या टोकाला, टॉवरच्या गेटवर गेल्या. देवराम केबिनमध्ये रजिस्टर पुढे ठेवून बसले होते. बाईंना बघून उठून उभे राहिले.

“किती जणांकडे गेला होतात, देवराम?” बाईंनी एवढंच विचारलं.

देवराम हळूच खाली बसले. “कळलं तुम्हाला.”

“किती जणांकडे?”

“अकरा. कुणी घाबरलं, कुणी नाही म्हणालं. चुकलं नाही त्यांचं. माझं एकच खातं, नवीन, जनधनचं. त्यात पन्नास हजाराच्या वर घेईनात. तेवढे वाचले. त्यात पदरचे घालून पुढच्या वर्षी एक थैली झाली.” एक पार्सलवाला पोरगा गेटशी आला. “कुठला फ्लॅट? बी सातशे दोन? सही कर इथे.” तो आत गेल्यावर ते पुढे म्हणाले, “थैल्या जाड होतात, पेटीत मावत नाहीत, म्हणून धोंडीबांनीच बाजारातून मोठ्या नोटा करून आणलेल्या. आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मग त्यांना झटका आला. मी हॉस्पिटलात गेलो, तर बोलता येईना. नुसतं माझं मनगट धरून किल्लीकडे बघत राहिले. मी म्हटलं, मी बघतो.”

“आणि मीटिंगमध्ये शंभराच्या आहेत म्हणालात.”

“वाटलं, पन्नास दिवस आहेत, होईल काहीतरी. एकदा म्हणून बसलो, मग ते खरं करावं लागलं.” ते जरासे हसले. “मुदत संपल्यावर बाकीच्या नोटा दुर्गाडीच्या पुलावरून खाडीत सोडल्या. थैल्यांत जुनी पत्रकं कापून भरली, हौसामावशीने त्या पुन्हा शिवल्या. नंतर एकेक उघडून भरत गेलो. एका थैलीला दोन-सव्वादोन वर्षं लागायची. निवडणूक लांबली की सगळी दुनिया शिव्या घालायची, बाई. मी एकटा मनात म्हणायचो, अजून लांबू दे. आणखी चार वर्षं मिळाली असती, तर कुणाला काहीच कळलं नसतं.”

बाई म्हणाल्या, “उद्या मी हे सगळं सांगणार आहे. मी तुम्हाला कसं परत पाठवलं, तेही.”

देवराम ताडकन उठले. “नाही. बाई, हात जोडतो. पोलिसात देऊ दे प्रशांतला.”

“धोंडीबांसाठी? मेघनाला सांगू आपण नीट समजावून.”

“मेघना सोसेल.” देवराम म्हणाले. “प्रियांका आहे. बाप चोर निघाला तर तिला परवडेल. चार दिवस रडेल आणि विसरून जाईल. पण हे कळलं, की बापाजवळ पैसे होते आणि त्याने ते तिला दिले नाहीत… हे नाही परवडायचं तिला.”

बाई केबिनच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. कोडं सुटलं होतं आणि उत्तर कुणालाच नको होतं.

“ती आत्ता काय समजते, माहीत आहे तुम्हाला?” त्या शेवटी म्हणाल्या. “की तुमची बाहेर एखादी बाई आहे. नऊ वर्षं ती हे मनात घेऊन तुम्हाला जेवायला वाढतेय. तिला खरं कळायला नको का, देवराम?”

देवरामांनी रजिस्टर मिटलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

७

सोमवारी संध्याकाळी खोली शुक्रवारपेक्षा जास्त भरली होती. बाईंनी प्रियांकाला फोन करून बोलावलं होतं. ती कामावरून तशीच आली आणि दाराशी उभी राहिली. देवराम भिंतीला टेकून मान खाली घालून बसले होते. हौसाबाईंना लेकाने हाताला धरून आणलं होतं.

बाईंनी घाई केली नाही. आधी तुटलेलं रबर दाखवलं. मग टाके मांडले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग निळी नोट आणि जांभळी नोट प्रशांतच्या हातात दिली आणि विचारलं, “ही केव्हा आली, प्रशांत?”

“अठरा साली… नंतर…” प्रशांतने नोट उलटी केली, थैलीवरची तारीख बघितली, पुन्हा नोट बघितली. त्याचा चेहरा उतरत गेला. “आयला,” तो पुटपुटला. “काका, तुम्ही भरत होतात?”

मग बाईंनी उरलेलं सांगितलं. धोंडीबांचं सांगताना मेघनाचा हात हातात घेतला. स्वतःचं सांगताना मात्र टेबल धरून उभ्या राहिल्या. “ते अकरा दारांत गेले. त्यांतलं एक दार माझं होतं. मी कायद्याने बरोबर होते. पण हा माणूस हे का मागतोय, हे मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. वर्गात एखादं मूल गप्प झालं तर मी शंभर वेळा विचारायचे. त्या दिवशी एकदाच विचारलं.”

हौसाबाई मोठ्याने रडायला लागल्या. प्रशांत खाली बसला, त्याने देवरामांचे पाय धरले. “काका, मी काय काय बोललो तुम्हाला.” कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मागून एक म्हणाला, शाल आणा रे, काकांचा सत्कार करू. गट कुठला नि काय, कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

“पहिली थैली कधी भरली?” दारातून प्रियांकाने विचारलं.

टाळ्या थांबल्या.

“२०१७,” बाई म्हणाल्या.

“कुठला महिना, पप्पा?”

देवरामांनी टेबलावरच्या थैल्यांकडे बघितलं.

“जुलै होता ना? माझ्या ॲडमिशनची शेवटची तारीख होती. मी फॉर्म घेऊन तुमच्यापुढे उभी होते. तुम्ही म्हणालात, पैसे नाहीत.” तिचा आवाज चढला नाही. “खोटं का बोललात?”

“खोटं नाही गं बाळा,” देवराम म्हणाले. “माझे नव्हतेच ते.”

मेघनाने डोळे पुसले, टेबलावरची नोटांची एक थैली उचलली आणि प्रियांकाच्या दिशेने सरकवली. “ही तुझी. कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला.”

कुणाचीच हरकत नव्हती. पण देवराम उठले होते. त्यांना स्वतःला कळायच्या आत त्यांचा तळवा थैलीवर पडला होता. घट्ट. लेथचं चाक थांबवावं तसा.

सगळ्यांनी तो हात बघितला. मग देवरामांनीही बघितला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, पण बोटं उघडेनात.

“असू दे, पप्पा,” प्रियांका म्हणाली. “सत्तावीस वर्षांची झाले मी आता. कोण घेतंय ॲडमिशन.”

ती टेबलापर्यंत आली. तिने वडिलांची बोटं एकेक करून सोडवली, जखमेची पट्टी सोडवतात तशी, सावकाश, आणि त्यांचा हात त्यांच्या बाजूला नेऊन ठेवला. “चला. सकाळी ड्युटी आहे तुमची.”

जिन्यावरून ती पुढे उतरली आणि ते मागे. तिने वळून बघितलं नाही, पण दर दोन पायऱ्यांनी थांबत होती, त्यांची पावलं येईपर्यंत.

खाली गिरणीवाल्याने पट्टा काढला आणि घरघर बंद झाली. दुसऱ्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख होती. डिपॉझिटचे पैसे मोजून वेगळे काढायचे होते. नोटांचे पाच ढीग टेबलावर तसेच होते, आणि एवढ्या माणसांमध्ये कुणाचाही हात पुढे होत नव्हता.